चार तारा, सहा तारा, आठ तारा : टू-फेज स्टेपर मोटर जोडायची कशी?

(कोथरूडमध्ये झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग दिला आहे.)

बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय, 'टू-फेज स्टेपर मोटरच्या जोडण्या'. तो वाचूनसुद्धा इतकी माणसं आत आली, याचा अर्थ बाहेर पाऊस चांगलाच वाढलेला दिसतोय. (हशा)

विषय तसा एका वाक्याचा वाटतो. मोटर घ्या, तारा ड्रायव्हरला लावा, फिरवा. पण जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी एखाद्या मोडीत निघालेल्या मशीनची मोटर स्वस्तात मिळते, घरी येऊन बघतो तर तिला आठ तारा, लेबल निघून गेलेलं, आणि हातातल्या ड्रायव्हरवर जागा चारच. तिथे माणूस अडतो. तापकीर गल्लीत विचारलं तर एक जण सांगतो 'सीरिजमध्ये टाका', पलीकडच्या दुकानातला सांगतो 'पॅरलल करा', आणि गंमत म्हणजे मोटर दोन्ही पद्धतींनी फिरते. फिरते म्हणून आपण खूश. मग महिन्याभराने मशीन घाईत चालवताना जॉब खराब होतो, आणि आपण दोष सॉफ्टवेअरला देतो.

आधी आत काय आहे ते बघू. आपल्याला नेहमी भेटणारी जी मोटर आहे, एका पावलाला १.८ अंश फिरणारी, तिच्या रोटरला ५० दाते असतात आणि मध्ये कायमचा चुंबक असतो. बाहेरच्या भागावर गुंडाळ्या असतात, आणि त्या सगळ्या मिळून दोनच गट करतात. तेच दोन फेज. त्यांना ए आणि बी म्हणू. दोन्हीतला करंट आलटून पालटून उलटा करत गेलं की चार स्थिती होतात : ए सुलट, बी सुलट, ए उलट, बी उलट. चार पावलांत एक विद्युत-चक्र पूर्ण होतं आणि रोटर एका दात्याइतका सरकतो. ५० दाते गुणिले ४ पावलं म्हणजे २०० पावलांत एक फेरी. ३६० भागिले २००, म्हणजे १.८. झालं.

एक गोष्ट इथे सांगायचा मोह आवरत नाही. ५० चक्रांत एक फेरी, आणि आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० चक्रांची. म्हणजे तसल्या व्होल्टेजसाठी गुंडाळलेल्या अशा मोटरचा एक फेज थेट वीजपुरवठ्याला लावला आणि दुसरा कपॅसिटरमधून, की ती बरोबर सेकंदाला एक फेरी मारते, मिनिटाला ६०. ड्रायव्हर नाही, काही नाही. अमेरिकेत ६० हर्ट्झ असल्यामुळे तीच मोटर ७२ आरपीएमने फिरते. आपल्याकडे बऱ्याच सर्व्हो स्टॅबिलायझरमध्ये ब्रश इकडून तिकडे सरकवणारी जी ६० आरपीएमची मोटर असते ना, ती याच जातीची. तुमच्या सोसायटीच्या मीटर रूममध्ये एखादी असू शकेल. तिला कोणी स्टेपर म्हणत नाही एवढंच.

आता मुद्द्यावर येतो. फेजमधला करंट उलटा करायचा म्हणालो. तो करायचे दोन मार्ग आहेत, आणि तारांचा सगळा घोळ त्यातून आलेला आहे.

पहिला मार्ग : प्रत्येक फेजची गुंडाळी मधोमध फोडायची, मधली तार सप्लायच्या प्लसला कायमची जोडायची, आणि दोन टोकांपैकी कधी हे, कधी ते ग्राउंड करायचं. एका अर्ध्या भागातून करंट गेला की चुंबकत्व सुलट, दुसऱ्या अर्ध्यातून गेला की उलट. करंटची दिशा तारेत कधी बदलतच नाही. याला युनिपोलर म्हणतात. एका फेजला दोन साधे ट्रान्झिस्टर पुरतात. ट्रान्झिस्टर महाग होते त्या काळात ही मोठीच सोय होती. तोटा असा, की कोणत्याही क्षणी निम्मं तांबं रिकामं बसलेलं. दोन मजूर रोजंदारीवर ठेवायचे आणि एक काम करत असताना दुसऱ्याला बसवून ठेवायचं, असा तो प्रकार.

दुसरा मार्ग बायपोलर. गुंडाळीचा जितका भाग जोडला असेल तितक्यातून करंट एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. त्यासाठी प्रत्येक फेजला चार स्विचचा पूल लागतो, एच-ब्रिज. आज हा पूल नखाएवढ्या चिपमध्ये मिळतो. थ्रीडी प्रिंटरमधल्या ए४९८८ किंवा डीआरव्ही८८२५ या चिपांत असे दोन-दोन पूल असतात, टीबी६६०० वगैरे मोठ्या डब्यांतही तेच. त्यामुळे युनिपोलर हा आता बराचसा जुन्या मशीनचा आणि स्वस्त खेळण्यांचा विषय झाला.

मग तारांचा हिशेब सोपा होतो. चार तारा म्हणजे दोन फेज, प्रत्येकाची दोन टोकं. मोटर बायपोलरच, निवड करायला काही नाही, आणि म्हणून बोलायलाही फार काही नाही. पाच तारा म्हणजे दोन्ही फेजच्या मधल्या तारा आतच एकत्र बांधलेल्या. ही युनिपोलर. विद्यार्थ्यांच्या हातात असते ती २८बीवायजे-४८, यूएलएन२००३च्या बोर्डाबरोबर मिळणारी, ती हीच. तिच्यातली लाल तार ही सामाईक. ती उघडून आतल्या छोट्या बोर्डावरचा सामाईक पट्टा कापला की ती बायपोलर म्हणून चालते, मुलं करतात तसं. पण तो शौक झाला.

सहा तारा म्हणजे प्रत्येक फेजची मधली तार वेगळी बाहेर काढलेली. आणि आठ तारा म्हणजे प्रत्येक फेजचे दोन्ही अर्धे भाग एकमेकांपासून पूर्ण सुटे. आठवाल्या मोटरला तुम्ही काहीही बनवू शकता : युनिपोलर, सीरिज, पॅरलल, नाहीतर अर्धी गुंडाळी वापरून उरलेली सोडून द्या. आपला खरा विषय इथे सुरू होतो.

एक मोटर डोळ्यांसमोर ठेवू. लेबलवर लिहिलंय ३ अँपिअर, ०.८ ओहम, २ मिलिहेन्री. सहा किंवा आठ तारांच्या मोटरवर हे आकडे बहुधा युनिपोलरचे, म्हणजे एका अर्ध्या गुंडाळीचे असतात. हे वाक्य कृपया वहीत लिहून ठेवा, कारण बहुतेक गडबड इथूनच होते.

मोटर किती करंट सोसते हे तिच्या उष्णतेवर ठरतं. अर्ध्या गुंडाळीत ३ अँपिअर म्हणजे ३ चा वर्ग गुणिले ०.८, ७.२ वॉट. एका फेजला एवढी उष्णता चालते. आता दोन्ही भाग सीरिजमध्ये घातले, तर रेझिस्टन्स १.६ ओहम. तेवढीच उष्णता ठेवायची तर करंट ३ भागिले १.४१, म्हणजे साधारण २.१ अँपिअर. वेढे मात्र दुप्पट झाले. चुंबकत्व वेढे गुणिले करंट यावर असतं, त्यामुळे दुप्पट गुणिले ०.७१, म्हणजे युनिपोलरच्या १.४ पट. त्याच उष्णतेत ४० टक्के जास्त जोर! बसलेल्या मजुराला उठवल्याचा हा फायदा.

पॅरलल केलं तर रेझिस्टन्स ०.४ ओहम, करंट ३ गुणिले १.४१, ४.२ अँपिअर. तो दोन भागांत वाटला जातो, प्रत्येकात २.१. वेढ्यांचा हिशेब केला की चुंबकत्व पुन्हा तेच, १.४ पट. म्हणजे मोटर उभी असताना सीरिज आणि पॅरलल यांत जोराचा काडीचा फरक नाही. दोन दुकानदार दोन गोष्टी सांगतात आणि दोघांचं खरं वाटतं, ते यामुळे.

फरक पडतो तो वेगात. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गावर जातो. सीरिजमध्ये वेढे दुप्पट, म्हणून इंडक्टन्स चौपट : ८ मिलिहेन्री. पॅरललमध्ये वेढे तेवढेच, इंडक्टन्स २ मिलिहेन्रीच. आता काही पुस्तकांत 'टाइम कॉन्स्टंट बघा' एवढंच सांगून सोडून देतात. बघा की! सीरिजचा ८ भागिले १.६, म्हणजे ५ मिलिसेकंद. पॅरललचा २ भागिले ०.४, म्हणजे ५ मिलिसेकंद. दोन्ही सारखेच! मग पॅरलल वेगात जास्त चालते कशी?

याचं उत्तर पाण्याच्या टाकीने देतो. गुंडाळीत साठणारी ऊर्जा अर्धी गुणिले इंडक्टन्स गुणिले करंटचा वर्ग. सीरिज : अर्धी गुणिले ८ गुणिले २.१ चा वर्ग, म्हणजे १७.६ मिलिज्यूल. पॅरलल : अर्धी गुणिले २ गुणिले ४.२ चा वर्ग, तेही १७.६. टाकी दोन्हीकडे एकाच मापाची. पण सप्लायचा दाब, म्हणजे व्होल्टेज, तेच असताना सीरिजच्या नळातून २.१ अँपिअरच जातो, पॅरललच्या नळातून ४.२. गच्चीवरची टाकी तीच, पाइप एकीकडे अर्ध्या इंचाचा, दुसरीकडे मोठा. आपल्याला प्रत्येक दोन पावलांनी ही टाकी पूर्ण रिकामी करून उलट्या बाजूने भरायची असते. आलं लक्षात?

आकडे घालू. सप्लाय ३६ व्होल्ट. शून्यापासून पूर्ण करंट चढायला सीरिजमध्ये ८ गुणिले २.१ भागिले ३६, म्हणजे ०.४७ मिलिसेकंद. उलटा करायचा तर आधी उतरवायचा, मग चढवायचा, म्हणजे ०.९३. पॅरललमध्ये हेच ०.४७ मिलिसेकंदात होतं. मोटर ६०० आरपीएमने फिरवली, म्हणजे सेकंदाला १० फेऱ्या, २००० पावलं. एका फेजची दिशा दोन पावलं टिकते, म्हणजे १ मिलिसेकंद. सीरिजवाली मोटर त्यातला ०.९३ नुसता करंट पालटण्यात घालवते. काम करायला वेळ उरतोच कुठे? पॅरललवालीला निम्मा वेळ तरी मिळतो. यात मी फिरण्यामुळे उलट निर्माण होणारं व्होल्टेज धरलेलं नाही. ते धरलं तर चित्र आणखी वाईट दिसतं, आणि तेसुद्धा सीरिजमध्ये दुप्पट असतं.

५ मिलिमीटर पिचचा बॉलस्क्रू असेल तर ६०० आरपीएम म्हणजे मिनिटाला ३ मीटर. लहान राउटरच्या मानाने हा काही अचाट वेग नाही. म्हणून सांगतो, हा कागदावरचा फरक नव्हे.

शिवण्याच्या बाजूला ओळखीच्या एका गृहस्थांची शेड आहे. अॅक्रिलिकच्या पाट्या, अक्षरं कापून द्यायचं काम. त्यांचा राउटर एका अक्षरावरून दुसऱ्यावर उडी मारताना पाव-अर्धा मिलिमीटर चुकायचा. चूक साठत जायची, आणि शेवटच्या ओळीपर्यंत अख्खी पाटी भंगारात. त्यांनी काय केलं? मोठी मोटर आणली. ती जास्त चुकायला लागली! कारण मोठ्या मोटरचा इंडक्टन्स मोठा, रोटर जड. मग वेग निम्म्यावर आणला, तर दिवसाच्या पाट्या कमी झाल्या. दोन पोरं कामाला, त्यांचा पगार त्याच पाट्यांतून निघायचा. मी गेलो तेव्हा सगळ्यात आधी जुन्या मोटरच्या तारा मोजल्या. आठ. चार ड्रायव्हरला लावलेल्या, उरलेल्या चार जोडी-जोडीने पीळ मारून टेप गुंडाळलेल्या. म्हणजे सीरिज. ड्रायव्हर ४.२ अँपिअरपर्यंतचा होता, लावलेला २.१ वर. जुनी मोटर परत बसवली, पॅरलल केली, ड्रायव्हरचे स्विच बदलले. नवीन खर्च एका स्लीव्हच्या तुकड्याचा. मोठी मोटर अजून त्यांच्या कपाटात आहे.

पण म्हणून उठून सगळं पॅरलल करू नका. दुर्बिणीचं उदाहरण घ्या. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, हौशी आकाशनिरीक्षकांची परंपरा आपल्याकडे जुनी. ताऱ्याच्या मागे फिरणारी बैठक २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी घेते. मध्ये वर्म-गिअर धरला तरी मोटर अगदी सावकाश फिरते. तिथे सीरिज उत्तम : करंट निम्मा, ड्रायव्हर छोटा, बॅटरीच्या तारा बारीक, ड्रायव्हर कमी तापतो. वेग नकोच आहे, मग मोठ्या पाइपचा खर्च कशाला?

सहा तारांवर दोन वाक्यं. मधल्या तारा मोकळ्या सोडून दोन टोकं वापरली की ती सीरिजच झाली, आकडे वरचेच. मधली तार आणि एक टोक वापरलं तर अर्धी गुंडाळी : ३ अँपिअर, २ मिलिहेन्री, वेग चांगला, पण जोर युनिपोलरइतकाच. पॅरलल करता येत नाही, कारण जोड आतच झालेला असतो. आणि मोकळ्या तारांवर प्रत्येकी स्वतंत्र स्लीव्ह घाला. तिथे व्होल्टेज येतं.

लोक हमखास करतात ती गोष्ट अशी : टोक ते टोक जोडतात आणि लेबलवरचे ३ अँपिअर लावतात. ३ चा वर्ग गुणिले १.६, १४.४ वॉट. उष्णता सरळ दुप्पट. स्टेपर हाताला चटका बसेल इतकी तापणं नेहमीचं आहे, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही.

आता लेबल नसलेल्या आठ तारा कशा ओळखायच्या? रंगांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा. मल्टिमीटरने आधी चार जोड्या शोधा, ते सोपं. अवघड हे, की कोणत्या दोन जोड्या एका फेजच्या, आणि त्यांची सुरुवात कोणती. ऑसिलोस्कोप नसेल तरी अडत नाही. मोटरचा शाफ्ट ड्रिल मशीनमध्ये धरून सावकाश, एकाच वेगाने फिरवा. मोटर आता जनरेटर झाली. वेग ३००-४०० आरपीएमच ठेवा, कारण ५० दात्यांमुळे ३०० आरपीएमलाच २५० हर्ट्झ होतात आणि साधा मल्टिमीटर त्याच्या फार वर एसी नीट मोजत नाही. एका जोडीवर किती व्होल्टेज येतं ते बघा. समजा ४ व्होल्ट आलं. मग ती जोडी दुसरीशी सीरिजमध्ये जोडा आणि बाहेरच्या दोन टोकांवर मोजा. तीनच उत्तरं येऊ शकतात. ८ व्होल्टच्या आसपास आलं : एकाच फेजच्या, आणि सुलट जोडल्यात. शून्याजवळ आलं : एकाच फेजच्या, पण उलट. साडेपाच-पावणेसहा आलं : वेगवेगळ्या फेजच्या. एक किलोमीटर पूर्वेला गेलात आणि एक उत्तरेला, तर घरापासून दोन किलोमीटर नसता, १.४ असता, तसं. दोन फेज एकमेकांशी ९० अंशांत असतात म्हणून हे होतं.

जोडी सापडली की नावं द्या. पहिल्या गुंडाळीच्या तारा क आणि ख, दुसरीच्या ग आणि घ. ख ला ग जोडल्यावर व्होल्टेज दुप्पट आलं असेल, तर सीरिजसाठी तोच जोड कायम करा, क आणि घ ड्रायव्हरला. पॅरलल हवं असेल तर क बरोबर ग, आणि ख बरोबर घ. उरलेल्या दोन जोड्यांचं हेच.

पॅरललमध्ये एक जोडी उलटी लागली तर? दोन्ही भागांचं चुंबकत्व एकमेकांना मारतं. जोर नाही, आणि इंडक्टन्सही जवळजवळ नाहीसा होतो. करंटला आवरणारं काही उरत नाही. नशीब चांगलं असेल तर ड्रायव्हर ट्रिप होतो, नाहीतर त्याचा धूर बघावा लागतो. हे आधी कळायची साधी युक्ती आहे. जोड करून झाले, अजून ड्रायव्हरला लावायचंय, तेव्हा शाफ्ट बोटांनी फिरवा. सुट्या तारांसारखाच हलका फिरला तर ठीक. जड, अडखळत फिरला, तर आतल्या आत करंट फिरतोय, म्हणजे जोड उलटा आहे. दहा सेकंदांचं काम, पण ड्रायव्हर वाचतो. आणि पुरवठा चालू असताना मोटरची तार काढू नका. टाकीतली ऊर्जा जाणार कुठे? ड्रायव्हरमध्येच.

प्रश्न : सर, पॅरलल केल्यावर करंट दुप्पट होतो, मग पॉवर सप्लायही दुप्पट घ्यावा लागेल का?

नाही. असं वाटणं साहजिक आहे, पण मोटरमधला करंट आणि सप्लायमधला करंट एक नव्हे. हे ड्रायव्हर व्होल्टेज तोडून-तोडून देतात. उभ्या मोटरमध्ये दोन्ही जोडण्यांत फेजला साधारण ७ वॉटच जळतात, दोन फेजना १४. ३६ व्होल्टच्या सप्लायवर हे अर्ध्या अँपिअरच्याही आत आहे. ड्रायव्हर मात्र पॅरललमध्ये जास्त तापेल, त्याला हवा द्या. आणि वेगात मोटर जास्त काम करायला लागली तर तेवढी वीज जास्त घेणारच, ती फुकट थोडीच येणार!

प्रश्न : व्होल्टेज किती ठेवावं?

गेको ड्राइव्हवाल्यांचा एक ठोकताळा आहे, मला तो आवडतो : मिलिहेन्रीचं वर्गमूळ गुणिले ३२. ही वरची मर्यादा समजायची. आपल्या मोटरला पॅरललमध्ये २ चं वर्गमूळ १.४१, म्हणजे ४५ व्होल्ट. सीरिजमध्ये ९०. सीरिजवाल्या मोटरकडून तोच वेग काढायचा तर ९० व्होल्ट झेपणारा ड्रायव्हर आणावा लागेल. बाजारातले नेहमीचे ड्रायव्हर ५० व्होल्टच्या आत थांबतात.

प्रश्न : माझी मोटर चार तारांची आहे, उलटी फिरते. तारा कुठल्या बदलू?

ताई, एकाच फेजच्या दोन तारांची अदलाबदल करा, बास. ए ची करा किंवा बी ची. दोन्हींची केलीत तर पुन्हा पहिल्या दिशेलाच फिरेल. आणि आधी पुरवठा बंद करा.

प्रश्न : आणि जागेवरच थरथरते, फिरत नाही, तेव्हा?

तेव्हा बहुधा ए ची एक तार बी च्या जागी गेलेली असते, नाहीतर एक फेज तुटलेला. मल्टिमीटर लागलीच सांगेल. मल्टिमीटर हाताशी नसेल तर तारा ड्रायव्हरवरून काढा, दोन-दोन तारांची टोकं एकमेकांना टेकवून शाफ्ट फिरवा. ज्या दोन टेकवल्यावर शाफ्ट जड होतो, त्या एका फेजच्या.